‘पुट ऑफ’चा मी सांगितलेला अर्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला तरी सांगणं जमतंय का — बघू.

दोन हजार सात-आठची गोष्ट. पनवेलला एसटी स्टँडजवळ इंग्लिश स्पीकिंगचा क्लास होता. मी तिथली हुशार! फ्रेझल व्हर्ब्जची माझी दोनशे पानी वही — डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अर्थ, मध्ये लाल रेघ. सगळा क्लास तिची झेरॉक्स काढायचा. गिव्ह अप, लुक आफ्टर, पुट ऑफ — झोपेतून उठवून विचारा.

पण बोलायला उभी राहिले की? दातखीळ. आणि ती संगीता — पळस्प्याजवळच्या गावातली, माझी मैत्रीण — उभी राहायची आणि सुटायची. निम्मं चुकायचं, पण हिला कशाचं काही नाही! सर म्हणायचे, असं बोलायचं. वही माझी आणि कौतुक तिचं. जळायचे हो मी. तिच्या शेजारी बसून, तिच्याच डब्यातलं खात जळायचे.

तळोज्याच्या एका कंपनीत रिसेप्शनिस्टची एकच जागा निघाली. अर्ज दोघींनी केले. त्यांना बोलणारी मुलगी हवी होती — कोण लागणार हे काय मला कळत नव्हतं? संगीताच्या घरी तर ठरलंच होतं : नोकरी लागली तर कॉलेज पुढे, नाहीतर बंद. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

आदल्या दिवशी दोघींना एसएमएस आला. उद्याचा इंटरव्ह्यू ‘पुट ऑफ’ — एवढंच. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. “पुट ऑफ म्हंजे काय गं? तुला तर सगळं पाठ हाय.”

पुढे ढकलणं. आणि मी म्हणाले, “रद्द. जागा भरली असणार.”

तोंडातून निघून गेलं म्हणू? नाही — मी म्हणाले. वहीची झेरॉक्स तिच्या पिशवीतच होती. पण मी समोर असताना ती कशाला बघेल? उलट मलाच धीर दिला, उसाचा रस पाजला. ती घरी गेल्यावर मी कंपनीत फोन केला. फोन करेल त्यालाच नवी तारीख सांगत होते; मला मंगळवार मिळाला. मंगळवारी मी गेले, ती नाही. मला घेतलं. तिला सांगितलं, मामांच्या ओळखीने लागले. तिला खरं वाटलं. तिचं कॉलेज सुटलं, वर्षाच्या आत लग्न झालं.

आठ-नऊ वर्षांनी भाजी घेताना भेटली. बरोबर मुलगी, इंग्लिश मीडियमची. संगीता तिला म्हणाली, “या मावशीला इंग्लिश विचार. हिचं कधी चुकत नाय.”

मुलगी माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली. न अडखळता, आईसारखीच. मला लाज वाटायला हवी होती ना? वाटली, नंतर. आधी पोटात दुखलं.