ताईचा निम्मा हिस्सा

गावातल्या धान्याच्या कोठीजवळचं आमचं घर आई-वडिलांमागे ताईच्या आणि माझ्या नावावर एकत्र होतं. ताईला हक्कसोड करून ते सगळं मला द्यायचं होतं. मी ऐकेना. उद्या माझ्या मुलांनी तिला पाहुणी ठरवू नये, म्हणून दोघांचे निम्मे हिस्से वेगळे नोंदवायचे, हा माझा हट्ट. मी टेप घेऊन घर मोजलं. मधली रेघ नेमकी स्वयंपाकघरातून गेली.

"म्हणजे शेगडी तुझी आणि सिलिंडर माझं?" ताई म्हणाली. "चहाला माझी इजाजत घेशील ना रे?"

"घेईन. तू आधी सही कर."

तिने केली. हल्ली माहेरी आली, की चपला काढण्याआधीच विचारते, "माझा निम्मा भाग झाडलास का?"