चारशे सोळा आणि चारशे सतरा

मुलांनो, आमच्या सेलूच्या दातांच्या डॉक्टरांइतका तोंड मिटलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. आणि धंदा मात्र दिवसभर लोकांना "आ करा" म्हणण्याचा. बाजारात ते पेशंटला ओळख दाखवत नाहीत. नमस्कार केला की शेजारचा विचारणार, "ह्यांना कसं ओळखता?" आणि झाली गोष्ट उघड! सख्ख्या व्याह्यांची दाढ काढली, तेव्हापासून तेही या नियमात सापडले. दिवाळीला फराळ घेऊन आले, तर डॉक्टर भिंतीकडे बघत बसले म्हणे.

दवाखान्यात नावं नाहीत, नंबर. नुसतं काही विचारायला आलेल्यालाही नंबर मिळतो. नावांची वही आणि फायली लोखंडी कपाटात, किल्ली डॉक्टरांच्या गळ्यात, इष्टलिंगाच्या शेजारी. आतून "एकशे बारा!" अशी हाक येते आणि बाकावरचे सगळे ओरडतात, "जावा की मामा, तुमचाच हाय! परवा दाढ काढली न्हाई का!"

माझा नंबर चारशे सोळा. आता सांगायला हरकत नाही: माझे वरचे दात माझे नाहीत. तुमच्या आजोबांना कळू नये म्हणून, बोरीला बहिणीकडे जाते असं सांगून मी दवाखान्यात गेले. पुढं पित्ताचं निमित्त करून भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. थोड्याच दिवसांत आजोबाही कुस्करू लागले. "लय गोड लागायलीय," म्हणायचे.

यंदा त्यांचे कपडे आवरताना कोटाच्या खिशात दवाखान्याचं कार्ड सापडलं. चारशे सतरा. माझ्या पाठोपाठचा नंबर! मी बोरीचं सांगून गेले, त्याच दिवशी ते मला येलदरीचं धरण बघायला जातो म्हणाले होते. त्यांचेही दात गेले होते, की माझी चौकशी करायला आले होते? मला राहवेना. कार्ड घेऊन गेले.

"डॉक्टर, हे कशासाठी आले होते?"

"कोण?"

"माझे यजमान. जाऊन सात महिने झाले त्यांना."

डॉक्टरांनी किल्ली मुठीत धरली. "बाई, जिवंत माणूस भांडायला तरी येतो. गेलेल्याचं आपणच जपायचं."

"मग माझं तरी त्यांना सांगितलं होतं का?"

"कोणाचं?" म्हणाले, आणि भिंतीकडे बघू लागले.

मी रागावून घरी आले. आता दात खुशाल वाटीत पडलेले असतात, लपवायचे कोणापासून? पण भाकरी कुस्करताना वाटतं, त्या कपाटात चारशे सोळा आणि चारशे सतरा अजून एकमेकांना टेकून उभे असतील, आणि एकमेकांना काही सांगत नसतील.