उंदरासाठी कोणते कॅलिबर

आखातातल्या आमच्या प्लास्टिक कारखान्याच्या मुदीरांचे, म्हणजे मालकसाहेबांचे, वाफ्र्याला शेत होते आणि तिथले उंदीर ठिबकच्या नळ्या कुरतडत. छऱ्याची बंदूक कोणत्या कॅलिबरची घ्यावी, हे ठरवण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले. मी त्यांच्या प्रयोगशाळेतली रसायनतज्ज्ञ. शस्त्रविद्येतली माझी पात्रता एवढीच, की मी पांढरा कोट घालत असे. त्या कोटामुळे ते मला 'दकतूरा' म्हणत. मीही ही आयती डॉक्टरेट नाकारली नाही; प्रयोगशाळाप्रमुखाच्या जागेसाठीची माझी फाईल कित्येक महिने त्यांच्या टेबलावर पडून होती.

"ज्यादा महंगा नहीं चाहिए, दकतूरा. बंदूक हो जाये, फिर तुम्हारा फाइल देखेगा."

महबूल्यातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाबा हसले. "उंदराला गोळी? आपल्याकडे पिंजरा लावतात गं, आत भजं अडकवून."

"पिंजरा सुचवला तर त्यात माझी फाईलच सापडेल, बाबा."

मी तक्ता केला. साडेचार मिलिमीटरचा छर्रा हलका, सरळ जाणारा, सर्वांत स्वस्त. वीस पावलांवरच्या उंदराला पुरेसा. साडेपाचचा जरा जड, वाऱ्याला कमी दबणारा, पण लवकर खाली येणारा. सहा पूर्णांक पस्तीसचा महाग, बाहेरून मागवावा लागणारा, आणि त्याची बंदूक ताणायला पैलवान हवा. निष्कर्ष उघड होता. नाशिकच्या मध्यमवर्गीय संस्कारांना अनुसरून मी तो सर्वांत वर, ठळक अक्षरांत छापला: सर्वांत स्वस्त.

मुदीरांनी कागद वाचला तेव्हा समोर त्यांचे चुलतभाऊ बसले होते. त्यांच्याकडे साडेपाचची होती.

"साडेचार? ये तो बच्चे का बंदूक है!" चुलतभाऊ इतके हसले, की हातातला चहा सांडला. मुदीर हसले नाहीत. त्यांनी कागद उलटा ठेवला, माझ्या फाईलवर.

'ज्यादा महंगा नहीं चाहिए' हे त्यांचे कोणत्याही खरेदीचे मंगलाचरण होते. तिसरी मोटार घेतानाही त्यांनी ते म्हटले होते. मी मात्र ते प्रयोगाची अट समजून बसले. दिवाणियात, म्हणजे त्यांच्या घरच्या पुरुषांच्या बैठकीत, पाहुण्यांसमोर भिंतीवरून काढून दाखवायची वस्तू मी उंदराच्या मापाने निवडली होती.

त्या आठवड्यात मी नवा तक्ता केला.

"आकडे बदललेस?" बाबांनी चष्मा वर सरकवत विचारले.

"एकही नाही. फक्त 'प्रतिष्ठा' नावाचा एक रकाना वाढवला, आणि त्याला निम्मे गुण दिले."

"मग शास्त्र शाबूत आहे म्हणायचं," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. पान बराच वेळ उलटले गेले नाही.

सहा पूर्णांक पस्तीस पहिली आली. मुदीरांनी तो कागद चुलतभावांना मोठ्याने वाचून दाखवला, रकान्यासकट, बंदुकीच्या ऑर्डरवर सही केली, आणि त्याच पेनने माझ्या फाईलवरही. सही होईपर्यंत उंदरांची चौकशी कोणी केली नाही. मीही नाही.