कांद्याच्या कळीतल्या चार पेशी

मंडळी, आज दुपारी प्रयोगशाळेत जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बीडच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. कांद्याच्या कोवळ्या कळीतून पराग तयार करणाऱ्या पेशी काढायच्या, काचेच्या बशीत पोषक द्रवात जगवायच्या आणि त्यांचं विभाजन बघायचं, हे माझं काम. चार वेळा बुरशीनं सगळं खाल्लं. "आता ही शेवटची बशी," असं माझ्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं.

आज मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि बघते तर काय, एकेका पेशीच्या चार झाल्या होत्या! फिकट, गोल, पाण्यात गाढ झोपल्यासारख्या.

माझे वडील आमच्या गावाहून, चकलांब्याहून, कांद्याचे ताजे डेंगळे, म्हणजे कळ्यांचे दांडे, घेऊन आले होते. म्हटलं, "आण्णा, बघा."

ते लई वेळ बघत राहिले. "चार कावून गं?"

"आतली गुणसूत्रं आधी दुप्पट होतात, मग पेशी दोनदा फुटते, म्हणून चार. मूळ पेशीतलं निम्मंच प्रत्येकीत जातं, आण्णा. माणसातबी असंच. म्हणून लेकराला निम्मं बापाचं मिळतं, निम्मं आईचं."

आण्णांनी मायक्रोस्कोपवरून डोळा हलवला नाही. आई जाऊन दोन वर्षं झाली.

"म्हंजी निम्मी ती हितंच हाय की," मग माझ्याकडे वळून ते हळूच म्हणाले.

 हाच धडा मी वर्गात मुलांना कितीदा शिकवलाय, पण आज पहिल्यांदा कळला.

तुमच्या गेलेल्या माणसाचं तुमच्यात काय उरलंय? सांगाल?