बैलाच्या तोंडात घातलेला हात

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. आमचं घर टोकावडे गावापासून बरंच आत, ओहोळापलीकडच्या माळावर एकटंच. घरात तिघं: सासूबाई, माझा नवरा आणि मी. ओहोळ भरला की गावाशी बोलायचं म्हणजे या काठावरून त्या काठाला हाका मारायच्या.

श्रावणात एकदा भर दुपारी मी गोठ्यापाशी कोल्हा पाहिला. माणूस दिसलं की कोल्हा पळतो. हा पळाला नाही. मान वाकडी, तोंडातून फेस, आणि सरळ बैलांत शिरला. मी कोयता घेऊन ओरडत धावले तेव्हा कुठे बांधापलीकडे गेला. पांढऱ्या बैलाच्या नाकपुडीतून रक्त येत होतं. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "भुकेला असंल. हळद लाव." जखम भरली आणि आम्ही ते विसरलो.

भात पिवळं झालं, कापणी तोंडावर आली, आणि त्या बैलाने वैरण सोडली. लाळ गळायची, हंबरणं घोगरं झालेलं. पाण्यात तोंड घालायचा, पण घोट खाली उतरायचा नाही. नवऱ्याला वाटलं, घशात काहीतरी अडकलंय. त्याने बैलाची जीभ एका हाताने धरली आणि दुसरा हात कोपरापर्यंत आत घातला. काही सापडलं नाही. हात बाहेर आला तेव्हा मनगट दातांनी सोलवटलेलं होतं. धोतराला पुसून तो कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी बैल खुंट्यावर शिंगं आपटायला लागला. आम्ही त्याला साखळीने आंब्याला बांधलं. चुलतसासरे बघायला आले ते दुरूनच थांबले.

"आमच्या आळीतलं कुत्रं असंच पिसाळून मेलं," ते म्हणाले. "श्रावणात त्याला कोल्हा चावलेला." मग नवऱ्याच्या मनगटाकडे लक्ष गेलं. "ह्ये काय रं?"

त्याने हात मागे घेतला. आंब्याखाली साखळी खणखणत होती.

सासूबाई म्हणाल्या, "सात विहिरींत डोकावून ये. पाण्यात कुत्रं दिसलं नाय, तर भ्याव नाय."

"मुंबईला जाऊन सुया टोचून घ्या," मी म्हणाले. "माझा भाऊ हाय तिथं. त्याच्या खोलीवर ऱ्हावा."

"आन भात? डुकरं रोज शिरतात शेतात. कोण कापणार?"

"मी कापीन."

"एकटी?"

"तुमाला काय झालं, तर पुढल्या सालापासून एकटीनंच कापायचं हाय. आतापासून सवय करते."

सासूबाईंसमोर मी असं कधी बोलले नव्हते. त्या उठून आत गेल्या. बाहेर आल्या त्या फडक्यात भाकरी बांधूनच. मुलाच्या हातात देत म्हणाल्या, "वाटंत विहिरी लागतील. डोकावत जा."

तो रस्त्यापर्यंत चालत गेला आणि कल्याणकडे जाणाऱ्या कोळशाच्या मोटारीत चढला. बैल दुसऱ्या दिवशी मेला. चुलतसासऱ्यांनी खड्डा खणून दिला, पण दोराला हात लावला नाही. ओढत नेला आम्ही दोघींनीच.

मग माळावर कोणी फिरकेना. दर वर्षी आम्ही एकमेकांच्या कापणीला जायचो. त्या वर्षी आमच्या शेतात कोणीच आलं नाही. 'त्यांच्या घरचं पाणी पिऊ नका' असं गावात चाललं होतं. दोघी वाकून कापत राहिलो. रोज सकाळी मी आधी उरलेल्या बैलापुढे बादली ठेवायचे. तो प्यायला की मगच विळा उचलायचे.

मुंबईहून निरोप नव्हता. एकदा ओहोळापलीकडून एक माणूस जोरजोरात हाका मारायला लागला. मी विळा टाकून काठाकडे धावले. सासूबाई तर बांधावर खालीच बसल्या. तो विचारत होता, "आमची म्हस इकडं आली काय?"

कापणी संपत आली तेव्हा नवरा परत आला. पोटावर सुयांच्या गाठी, कमरेत वाकता येईना. डॉक्टर म्हणाला होता, बहुतेक धोका टळला, पण काही महिने लक्ष ठेवा. मी तांब्या पुढे केला आणि त्याच्या गळ्याकडे बघत उभी राहिले.

"काय बघतेस गो?" तो म्हणाला. "उतरतंय."

तरी मी बघायचं सोडलं नाही. पौषातली म्हसा गावची जत्रा झाली, होळी झाली, तेव्हा कुठे माझा जीव थाऱ्यावर आला. लोकही हळूहळू यायला लागले. सासूबाईंनी कोणाला काही विचारलं नाही, पण बरेच दिवस कोणाला 'बसा'ही म्हटलं नाही.

तो पुढे पुष्कळ वर्षं जगला. शेती केली, नवे बैल आणले. पण जनावर आजारी पडलं की तो गोठ्याच्या दारातच थांबायचा. आत मी जायचे.