मामांची खुर्ची आणि पासष्ट इंच

जगात विकत घेण्यासारखी जी म्हणून वस्तू आहे ती पारखण्याचा अधिकार परमेश्वराने आमच्या हिच्या मामांना दिलेला आहे, आणि हा अधिकार त्यांनी स्वतःसाठी आजवर एकदाही वापरलेला नाही. त्यांच्या पायातली चप्पलसुद्धा मुलाने आणलेली आहे आणि ती एक नंबर मोठी आहे. पण नात्यागोत्यात कुणाला मिक्सर घ्यायचा असो, कपाट घ्यायचं असो की मुलीसाठी स्थळ बघायचं असो, लालबागला मामांकडे निरोप जातो. मामा पांढरा सदरा चढवतात, तपकिरीची डबी खिशात आहे ना ते चाचपतात आणि ऑपरेशनला निघालेल्या सर्जनच्या चेहऱ्याने घराबाहेर पडतात.

मामा मूळचे मालवणकडचे. लहानपणी ते नारळ वाजवून घ्यायला शिकले आणि त्यानंतर कुठल्याही वस्तूसाठी दुसरी पद्धत शिकण्याची त्यांना गरज वाटली नाही. बोट दुमडायचं, टकटक करायचं, कान जवळ न्यायचा, डोळे मिटायचे. फ्रिज त्यांनी असाच निवडला, कुकर असाच निवडला. परळच्या एका दुकानात गादी निवडताना टकटक ऐकू येईना, तेव्हा ते तिच्यावर आडवे झाले आणि घोरायला लागले. दुकानदाराने पंखा वाढवला, गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं. जाग आल्यावर मामा म्हणाले, "ही नको. हिच्यावर वायट स्वप्नं पडतत."

मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी माझ्या हातात असतानाच मामा मागे येऊन उभे राहिले आणि माझ्या पाठीवर टकटक झाली. मी वळून पाहिलं तर ते डोळे मिटून ऐकत होते. "अजून पाणी धरूक नाय," त्यांनी आतल्या बायकांना कळवलं, "पण खवट नसा." एवढ्यावर आमचं लग्न ठरलं. मामांची एखादी निवड चुकली होती का, असं कुणी विचारलंच, तर आमच्या सासुरवाडीला अजूनही सगळे शांतपणे माझ्याकडे बघतात.

तर अशा माणसाला सोडून मी टीव्ही घेऊ शकणार नव्हतो. आमच्या जुन्या टीव्हीच्या मधोमध एक हिरवा उभा पट्टा आला होता. गोलंदाज पट्ट्याच्या अलीकडे धावायला सुरुवात करायचा, पट्ट्यात नाहीसा व्हायचा आणि पलीकडून निघेपर्यंत फलंदाज बाद होऊन परत चाललेला असायचा. नवा टीव्ही, आणि तोही मोठा, घ्यायचा हे ठरलं. अडचण एकच होती. ती म्हणजे मामांची खुर्ची.

ही खुर्ची म्हणजे लांब हातांची, पाय पसरून आडवं व्हायची सागवानी आरामखुर्ची. ती लालबागला मामांच्या घरी असायची. मुलाचं लग्न झालं, नातू झाला, नातवाचा पाळणा आला, तेव्हा ती "चार दिवस" म्हणून गिरगावात आमच्या चाळीत आली. पाळण्यातला तो नातू आता मामांच्या चुका काढतो, पण ते चार दिवस संपलेले नाहीत. खुर्ची आली आणि तिच्यामागोमाग मामाही येऊ लागले. दर रविवारी आणि दर मॅचला ते येतात, खुर्चीत पाय पसरतात, आणि मग आमच्या बाहेरच्या खोलीत ज्याला कुठे जायचं असेल त्याने मामांचे पाय ओलांडून जायचं असतं. मी ऑफिसला जाताना देवाला नमस्कार करून मग त्या पायांवरून उडी मारतो, त्यामुळे आशीर्वाद नेमका कुणाचा लागतो ते मला माहीत नाही.

खोली आमची एवढीशी. एका बाजूला गॅलरीवर उघडणारं दार आणि खिडकी, समोर स्वयंपाकघराची भिंत. त्या भिंतीला कपाट आणि कपाटाशेजारी जुना टीव्ही. मोठा टीव्ही भिंतीवर लावायचा तर कपाट हलवायला हवं. कपाट जाईल अशी जागा एकच, दाराजवळचा कोपरा. तिथे खुर्ची. म्हणजे कपाट गेलं खुर्चीच्या जागी. मग खुर्ची कुठे? या प्रश्नापाशी आमचा संसार येऊन थांबला.

"तू सांग मामांना," मी म्हणालो.

"मी? मी भाची आहे त्याची. त्याला घरातून एकदा उठवलंय, आता मी उठवू?" ही म्हणाली. "तुम्ही जावई. तुमच्याबद्दल त्याचं मत तसंही वाईटच आहे, त्यात काय फरक पडणार?"

मला हे पटलं. पुढच्या रविवारी मामा खुर्चीत स्थिरावले, चहा झाला, आणि मी घसा साफ केला.

"मामा, टीव्हीचा विचार चाललाय. त्रेचाळीस इंची. तर जागेचं जरा..."

"त्रेचाळीस?" मामांनी मान वळवली. "जावईबापू, तो टीव्ही की आरसो? पन्नास तरी घ्या."

"हो, पन्नास," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात काहीतरी जोरात आपटलं गेलं.

त्यानंतर असा नियमच झाला. मी खुर्चीचा विषय काढायला जायचो आणि टीव्ही वाढवून परत यायचो. पन्नासचे पंचावन्न झाले ते "मामा, या कोपऱ्याचं काय करायचं" एवढंच बोलल्यामुळे. ही म्हणाली, "तुम्ही आणखी दोनदा बोललात ना, तर आपल्याला थिएटर भाड्याने घ्यावं लागेल."

मामांनी मात्र काम अंगावर घेतलं होतं. ते एकदा पुठ्ठे, काळा कागद आणि खळीचं भांडं घेऊन आले आणि त्यांनी पंचावन्न इंची टीव्ही बनवून कपाटावरूनच भिंतीवर टांगला. "आधी पुठ्ठ्याचो बघूचो, मग खरो घेवचो," म्हणाले. आम्ही बरेच दिवस तो पुठ्ठा बघितला. पहिल्या संध्याकाळी मी सवयीने त्याच्यासमोर जेवायलाही बसलो आणि जेवण संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "अय्या, नवीन घेतलात? लाइट गेलीय का?" पुठ्ठा टांगून झाला की मामा तपकीर ओढायला गॅलरीत जायचे आणि खिडकीच्या गजांतून एक डोळा मिटून आत बघायचे. दोन पावलं मागे जाऊन पुन्हा बघायचे. टीव्ही सरळ लागलाय की नाही ते बघत असतील, असं मला वाटायचं. मग ते आत येऊन म्हणायचे, "नाय. लहान पडता."

"मामा, पंचावन्न लहान? या खोलीत?"

"लहान पडता म्हणतंय ना!"

दुसरा पुठ्ठा पासष्टचा आला. त्यावर डकवायला काळा कागद पुरला नाही म्हणून एका कोपऱ्यात जुन्या कॅलेंडरवरचा गणपती आला. तो दिसल्यावर काकूंनी चपला काढून नमस्कार केला.

शेवटी आम्ही दादरच्या एका मोठ्या दुकानात गेलो. आत सगळ्या भिंतींवर टीव्ही, आणि सगळ्या टीव्हींवर एकच लाल-निळा पोपट पंख पसरत होता. तो गेला की धबधबा, मग कापलेलं कलिंगड, मग पुन्हा पोपट. टाय लावलेले एक विक्रेते पुढे आले आणि रंगांविषयी बोलू लागले. मामांनी ते संपू दिलं.

"ह्या सगळा ठीक आसा," ते म्हणाले. "पण आमका काय करूचो पोपट? आमच्याकडे संध्याकाळची मालिका असता. त्यात सासू रडता. ती रडताना कशी दिसता ता दाखव."

"सर, डेमोमध्ये हाच व्हिडिओ..."

"पोपट कोणाकडेय चांगलोच दिसतलो. रडणारी बाई दाखव."

बरीच खटपट करून त्या गृहस्थांनी एका टीव्हीवर मालिका लावली. सुदैवाने त्यात कुणीतरी रडत होतं. मामा मागे मागे सरकत वॉशिंग मशीनच्या रांगेपर्यंत गेले, मध्ये एका गिऱ्हाइकाला उभं केलं, त्याच्या हाताची बोटं खिडकीच्या गजांसारखी फाकवायला लावली आणि त्यातून बघितलं. तो गृहस्थ इतका गोंधळला की हात तसाच धरून बराच वेळ उभा राहिला. मग मामा पुढे आले आणि मला ज्याची भीती होती ते घडलं. त्यांनी बोट दुमडलं.

"सर, पॅनल! सर, हात नका..."

टकटक. कान. डोळे मिटलेले. "बरो आसा," मामा म्हणाले. मग मोजमाप निघालं. इंच एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजतात, हे कळल्यावर मात्र त्यांचा तोल गेला. "तिरप्यान कित्याक मोजतंस? मी काय टीव्ही तिरको लावतलंय?" विक्रेत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोपटाकडे पाहिलं.

"साहेब, खोली केवढी आहे?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी सांगितली. "मग त्रेचाळीस घ्या, मनापासून सांगतो."

ही शेवटची संधी होती. मी मामांना बाजूला घेतलं आणि सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "मामा, खुर्ची..."

"पासष्ट," मामा म्हणाले.

"हो, पासष्ट," मी म्हणालो.

टीव्ही आला त्या दिवशी मी ऑफिसात होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण खुर्ची हलवायच्या वेळी आपण घरात नसावं असं मला वाटलं. संध्याकाळी घरी आलो तर दाराजवळच्या कोपऱ्यात कपाट उभं. भिंतभर टीव्ही. खुर्ची नाही. ही सोफ्यावर बसलेली, डोळे लाल.

"कुणी सांगितलं त्यांना?"

"कुणीच नाही. त्यानेच उचलली. कपाट धरायला माणसं आली तर म्हणाला, आधी ही काढा. मी म्हटलं मामा, राहू दे, तर म्हणतो, बाय, माका काय डोळे नाय?"

मी टीव्हीसमोर उभा राहिलो. एवढा मोठा काळा टीव्ही, आणि त्यात मी पूर्ण दिसत होतो, बॅगेसकट. या माणसाला त्याच्या घरातून पाळण्याने उठवलं, माझ्या घरातून टीव्हीने. आणि तो टीव्ही त्यालाच निवडायला लावला होता. आता मामा लालबागला जाऊन बसतील, आणि ती खुर्ची कुणाच्या तरी जिन्याखाली...

"जावईबापू, जरा बाजूक होवा. दिसणा नाय."

आवाज मागून आला. मी वळलो. खिडकीचा पडदा काढलेला होता, आणि गजांपलीकडे गॅलरीत खुर्ची मांडलेली होती. लांब हात, पसरलेले पाय, मांडीवर तपकिरीची डबी. मामा टीव्हीच्या अगदी समोर होते.

"पासष्ट काय उगाच घेतलो?" ते म्हणाले. "पंचावन्नात हयसून स्कोर दिसाचो नाय."

मी गॅलरीत गेलो. "मामा, असं बाहेर कशाला? आपण आत काहीतरी..."

"लालबागेत आत होती ना खुर्ची," मामा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले. "कोण एक शब्द बोलाक नाय. सून तर नायच नाय. पण कोण आडवा गेला की मी पाय वर घेय. एक दिवस माझ्या लक्षात इला, मी दिवसभर पाय वरच धरून बसलंय." त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "हय बघा, कसे पसरले आसत."

तेव्हापासून आमच्या घरी टीव्ही एकटा राहतो. आत सोफ्यावर बसून तो बघता येत नाही. गोलंदाज धावत आला की ही पाय वर घेते, आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या दोन्ही डोळ्यांकडे एकाच वेळी बघता येत नाही. आधी मी चहा घेऊन मामांशेजारी स्टूल टाकलं. मग ही भाजी निवडायला पाट घेऊन आली. मग शेजारच्या काकू, मग त्यांचे यजमान. संध्याकाळी आम्ही सगळे बाहेर बसून स्वतःच्याच घरात डोकावत असतो. चाळीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळी चाळ अशीच खिडकीला लागायची, असं काकू सांगतात. फरक एवढाच की तेव्हा निदान मालक तरी आत असायचे.

मध्यंतरी चाळ पाडून टॉवर बांधायचं नक्की झालं. नव्या घराचा नकाशा मी मामांना दाखवला. मॅच चालू होती तरी त्यांनी तो नीट बघितला. हॉलवर अंगठा ठेवला, खिडकीवर नेला, आणि खिडकीच्या बाहेर नेऊन थांबवला.

"हय काय आसा?"

"तिथे काही नाही, मामा. चौदावा मजला आहे."

"गॅलरी?"

"नाही."

मामांनी बोट दुमडलं आणि नकाशावर टकटक केली. कान जवळ नेला नाही. नकाशाची घडी घालून तो माझ्या हातात दिला आणि पुन्हा समोर बघू लागले. पाय मात्र त्यांनी हळूच वर घेतले. गॅलरीतून कुणी जात नव्हतं.

मी तसा कशाचीच निवड करणारा माणूस नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तिथे बत्तीसचाच टीव्ही घेऊ. कपाटावर ठेवू. दाराजवळच्या कोपऱ्यात खुर्ची."

"आणि ह्यो पासष्ट?"

"तुमच्या नातवाला देऊन टाकू. त्याच्या पाळण्याची जागा आता रिकामी आहे ना."

माझ्या पाठीवर टकटक झाली. मी वळून पाहिलं. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि फार वेळ ऐकत होते.

"बाय," त्यांनी खिडकीतून हिला हाक मारली, "धरल्यान गो पाणी."

मग पाय पुन्हा लांब केले आणि मला म्हणाले, "आता बाजूक हो मेल्या. शेवटची ओव्हर आसा."