वारणाकाठचे एक गाव

हरणाबाई शिराळ्याकडची, वारणेच्या काठावरची. लग्न होऊन आटपाडीच्या कोरड्या मुलखात आली आणि वर्षभरात, चाळीस साली, नवरा नाथाजी पलटणीत गेला. बेचाळीसच्या पावसाळ्यात तो आफ्रिकेत बेपत्ता झाल्याची तार आली. सासू नव्हती. घरात ती आणि सासरा आप्पासो.

नाथाजी गेल्यापासून आप्पासोने तिला माहेरी धाडलं नव्हतं. तसा तो तिला कधी उणा शब्द बोलला नाही. पण ही गेली की तिकडचे हिला दुसरा घरोबा करून देतील, हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. "नाथाजी येऊ दे. त्येला इच्यारून जा," एवढंच म्हणायचा.

शाळेच्या मास्तरांकडे ती सारवायला जाई. एकदा मास्तरीणबाईंनी फडताळात अंथरायला जुनी मासिकं काढली, त्यातलं एक पान हरणाबाईच्या हाती आलं. वर फोटो होता: नदी, बांबूचं बेट, दगडी घाटावर धुणं धुणाऱ्या बायका. घाटाची खचलेली पायरी तिने ओळखली. पाठमोरी बसलेली एक बाई आईसारखी वाटली, पण खात्री होईना.

"मास्तर, खाली काय लिवलंय?"

"वारणाकाठचे एक गाव."

"नाव न्हाई?"

मास्तर म्हणाले, फोटो काढणाऱ्याने विचारलं नसेल. तिने गावाचं नाव सांगितलं, ते त्यांनी पेन्सिलीने खाली लिहिलं आणि पान तिला देऊन टाकलं.

त्याच आठवड्यात तिने मास्तरांकडून भावाला पत्र लिहवून घेतलं. नागपंचमीच्या तोंडावर अर्जुना न्यायला आला. तिने गाठोडं बांधून ठेवलं. आप्पासोने पाव्हण्याला पोटभर जेवू घातलं आणि तेच उत्तर दिलं. आईला आता नीट दिसत नाही, असं बहिणीला सांगून अर्जुना सकाळी एकटाच परतला. हरणाबाईने गाठोडं सोडलं. फोटो तिने ट्रंकेत तळाला घातला; तो बघितला की घर आणखीच अंगावर येई.

पंचेचाळीसच्या दिवाळीनंतर नाथाजी आला. इटलीत, मग जर्मनीत कैदेत होता. हाडं राहिली होती. तो अंगणातच निजायचा, दाराला कडी लावू द्यायचा नाही. आठव्या दिवशी तिने त्याला माहेरी जाण्याचं विचारलं. किती दिवस झाले, त्याने विचारलं.

"पाच वर्सं."

तो उठून बापाकडे गेला.

"आबा, मी काटेरी तारंच्या आत हुतो. हिला कुणी धरलं हुतं?"

"तुझ्यासाठनंच राखली रं."

"मी सांगितलं न्हवतं."

दुसऱ्या दिवशी नवराबायको मोटारीने निघाली. आईने लेकीचं तोंड हातांनी चाचपून बघितलं. नाथाजी चार दिवस राहून परतला.

हरणाबाई राहिली. नाथाजी दोनदा न्यायला आला आणि दोन्ही वेळा एकटाच गेला. तिसऱ्या खेपेला आप्पासो स्वतः आला, सोप्यात खाली मान घालून बसला. तिने त्याच्यापुढे ताट ठेवलं.

"मामंजी, भाकरी खावा. पंचमी झाली की मी येते."

आप्पासोने मान हलवली आणि ताट पुढे ओढलं. पंचमी झाल्यावर ती गेली.